पॅनेलआधी छप्पर पाहा

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या सोलारच्या दुकानातले कोटेशन हातात घेऊन पाहा. पहिल्या ओळीत पॅनेलची कंपनी आणि वॅट, दुसरीत बॅटरी किती अँपिअर-अवरची, तिसरीत इन्व्हर्टर, मग वायर, अर्थिंग, वाहतूक. प्रत्येकासमोर भाव, बहुतेकांसमोर वॉरंटीची वर्षे. आणि सगळ्यात खाली दोनच शब्द : ‘स्ट्रक्चरसह फिटिंग’. हे स्ट्रक्चर कशाचे, किती जाडीचे, छपराच्या नेमक्या कोणत्या भागाला धरून उभे राहणार, किती वाऱ्याला टिकणार, याबद्दल एक अक्षर नसते. घेणारा विचारत नाही, म्हणून विकणारा सांगत नाही. ज्या घरात विजेची तार पोहोचलेलीच नाही, किंवा पोहोचूनही तिचा भरवसा नाही, त्या घरासाठी ही शेवटची ओळ पहिली असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आधी छप्पर पाहायचे, छपराला झेपेल तो सांगाडा ठरवायचा आणि त्या सांगाड्यावर शोभतील तेवढी पॅनेल घ्यायची. आज व्यवहार नेमका उलटा चालतो. आधी पॅनेल विकत घेतले जाते आणि ते घरी आल्यावर ‘बसवायचे कुठे’ हा प्रश्न निघतो. त्याचे उत्तर मग हाताशी जे अँगल आणि पाइप असतील त्यांतून वेल्डिंगवाला देतो.

विजेच्या जाळ्याला जोडलेल्या घराची गोष्ट निराळी आहे. तिथले पॅनेल उडाले तर महिन्याचे बिल वाढते, दिवा लागतोच. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचाला 78 हजार रुपयांचे अनुदान मिळते, ते काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावे लागते आणि नेट मीटर लागण्यापूर्वी वीज कंपनीची तपासणी होते. ही तपासणी नेहमी कसून होते असे म्हणणार नाही, पण कोणीतरी जिना चढून वर जाते एवढे तरी खरे. बॅटरीवर स्वतंत्र चालणाऱ्या संचाला ही योजना लागू नाही. त्यामुळे तिथे कोणी तपासायलाही येत नाही. आणि असे संच लागतात कुठे? सह्याद्रीच्या माथ्यावरच्या धनगरवाड्यांत, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतल्या पाड्यांवर, मेळघाटातल्या आतल्या गावांत, वस्तीपासून दूर शेतात बांधलेल्या घरांत. म्हणजे जिथे वारा मोकळा आहे, छप्पर हलके आहे आणि दुरुस्तीला येणारा माणूस लांब आहे, तिथेच सांगाड्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. हा मला केवळ तांत्रिक दोष वाटत नाही. ज्यांना दुसरा आधार नाही त्यांच्या वाट्याला कच्चे काम यावे, हा अन्याय आहे.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतल्या अनेक वाड्यांना पुढे कित्येक दिवस अंधारात काढावे लागले. जाळ्याला जोडलेले, बॅटरी नसलेले सोलार संचही अशा वेळी बंदच राहतात, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून जाळ्यातली वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. बॅटरीवरचा संच हवा तो नेमका अशा दिवसांसाठी. वादळानंतरच्या पंधरवड्यात मोबाइल चार्ज व्हावा, विहिरीवरचा छोटा पंप चालावा, रात्री घरात एक दिवा असावा, एवढीच अपेक्षा असते. जो संच वादळाच्या पहिल्या तासातच अंगणात येऊन पडतो, त्याच्या बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची होती याला काय अर्थ उरतो?

वाऱ्याच्या ताकदीचा अंदाज डोळ्यांना येत नाही, म्हणून थोडे गणित करू. आपल्याकडे इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचा हिशेब भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागानुसार करतात. त्यातले मूळ सूत्र सोपे आहे : वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते घ्या, त्याचा वर्ग करा आणि 0.6 ने गुणा. दर चौरस मीटरला किती न्यूटन दाब पडतो ते मिळते. ताशी 120 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 33 मीटर. हिशेब केला तर दर चौरस मीटरला जवळजवळ 68 किलोंचा जोर होतो. आज सर्रास मिळणारे 540 वॅटचे पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि एक मीटरहून थोडे जास्त रुंद असते, म्हणजे अडीच चौरस मीटरहून थोडे मोठे. त्याचे वजन 28 किलोंच्या आसपास आणि त्याला उचलू पाहणारा वाऱ्याचा जोर पावणेदोनशे किलो. कल किती, पॅनेल छपराच्या मध्यावर की कडेला, यांनुसार हा आकडा कमी-जास्त होतो, पण त्याची जात बदलत नाही. चक्रीवादळाचीही गरज नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाआधी सुटणारा ताशी 60 किलोमीटरचा वारा त्याच पॅनेलवर 40 किलोंहून जास्त जोर लावतो. पॅनेल स्वतःच्या वजनावर जागेवर राहील, हा समज तिथेच संपतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. मानकात मुंबई आणि नागपूर या दोन्ही शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी 158 किलोमीटर धरलेला आहे, पुण्यासाठी 39 मीटर. वादळ ही फक्त कोकणची चिंता आहे असे समजणाऱ्यांनी यातला नागपूरचा आकडा पुन्हा वाचावा.

सपाट पत्रा, मोठे क्षेत्रफळ आणि अपुरा पाया एकत्र आले की काय होते ते 13 मे 2024 ला घाटकोपरला दिसले. तिथला एक जाहिरात फलक 120 बाय 120 फुटांचा होता, परवानगीची मर्यादा 40 बाय 40 ची. वळवाच्या वाऱ्यात तो पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 माणसे दगावली. घरावरचे पॅनेल त्या मानाने खूपच लहान, पण वाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही वस्तू एकाच कुळातल्या आहेत. सुटलेले पॅनेल म्हणजे 28 किलोंची, धारदार कडांची काच. ते कोणाच्या अंगणात जाऊन पडेल हे आपल्या हाती राहत नाही. त्यामुळे सांगाडा हा घरमालकाचा खासगी मामला आहे, हे म्हणणेही मला पटत नाही.

आता छपरांकडे येऊ, कारण खरा निर्णय तिथे होतो. स्लॅबचे घर सर्वांत मजबूत, म्हणून तिथेच बेफिकिरीही सर्वांत जास्त. स्लॅबवर दोन मार्ग असतात : भोक पाडून सांगाडा बोल्टने बांधायचा, किंवा भोक न पाडता सिमेंटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभा करायचा. ठोकळ्यांचा मार्ग गळतीच्या भीतीपोटी लोकांना आवडतो. पण एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा काँक्रीटचा ठोकळा साधारण 68 किलोंचा भरतो. चार पॅनेलच्या सांगाड्याला चार पाय, म्हणून चार ठोकळे, म्हणजे पावणेतीनशे किलो. पॅनेलचे आणि लोखंडाचे वजन मिळवले तरी सव्वाचारशे-साडेचारशेच्या पुढे जात नाही, आणि निसर्गच्या वेगाने आलेला वारा त्या चार पॅनेलना सातशे किलोंच्या जोराने उचलू पाहणार. ठोकळे वाढवता येतात, पण ते तुळईवर किंवा भिंतीवर येतील असे मांडावे लागतात; जुन्या स्लॅबच्या मधोमध त्यांचा ढीग घालून चालत नाही.

बोल्टचा मार्ग त्याहून चांगला, पण त्यात एक फसगत आहे आणि ती सर्रास होते. आपल्या गच्चीवर स्लॅबच्या वर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा साधारण चार इंचांचा थर. फिटिंगवाला ड्रिल लावतो, तीन-चार इंचांचा फास्टनर ठोकतो, पाना फिरवून घट्ट करतो. बोल्ट हलत नाही म्हणून सगळे खूश होतात. प्रत्यक्षात तो स्लॅबपर्यंत पोहोचलेलाच नसतो, विटांच्या तुकड्यांत अडकलेला असतो. म्हणजे पकडही नाही आणि वॉटरप्रूफिंगही फुटले, असे दुहेरी नुकसान होते. त्या भोकातून पाणी हळूहळू स्लॅबमधल्या गजांपर्यंत जाते, गज गंजून फुगतात आणि काही वर्षांनी खालच्या खोलीच्या छताचे पोपडे पडू लागतात. योग्य पद्धत अशी की तेवढ्या जागेपुरता कोबा फोडून स्लॅब उघडा करायचा, रासायनिक अँकरने गज बसवायचे, त्यांभोवती काँक्रीटचा छोटा चौथरा ओतायचा, त्याला चहूबाजूंनी उतार द्यायचा आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा जुळवून घ्यायचे. हे दोन-तीन दिवसांचे काम आहे, दुपारभराचे नाही. आपल्या गावांत पुढेमागे मजला चढवायचा म्हणून कॉलमचे गज वर सोडून ठेवण्याची पद्धत आहे. ते गंजून गेलेले नसतील तर पॅनेलच्या चौथऱ्याला त्यांच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही. नवे घर बांधणाऱ्याने तर स्लॅब ओतण्याआधीच गवंड्याला पॅनेलच्या पायांच्या जागा दाखवून ठेवाव्यात. त्यात पुढचा निम्मा त्रास वाचतो.

पत्र्याच्या घराला वेगळा न्याय लावावा लागतो. तिथे पहिला नियम हा की पॅनेल पत्र्याला नव्हे, पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांना किंवा लाकडी वाशांना बांधले गेले पाहिजे. पत्रा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची कातडी. तिला धरून लटकलेला स्क्रू वारा उपटून काढतो आणि पत्राही सोबत फाटतो. भोक पाडायचे ते पत्र्याच्या उंचवट्यावर, पन्हळीत नव्हे, कारण पन्हळीतून पाणी वाहते. रबरी वॉशर चांगल्या प्रतीचा हवा. नुसते सिलिकॉन फासून दिलेले समाधान दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते. पॅनेल पत्र्याला समांतर ठेवावे, खाली चार-पाच इंचांची मोकळी जागा सोडून. ही जागा हवा खेळण्यासाठी आहे. पॅनेलवर छापलेले वॅट 25 अंश तापमानाचे असतात आणि त्यापुढच्या प्रत्येक अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्याला चिकटलेले पॅनेल 70 अंशांपर्यंत गेले तर सातवा हिस्सा वीज उष्णतेतच जाते. सिमेंटच्या जुन्या पत्र्याला मात्र ड्रिल लावूच नये. तो ठिसूळ असतो, माणसाच्या पायाखाली फुटतो, आणि त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते. शेवटी एक साधी परीक्षा सांगतो. ज्या घराच्या पत्र्यावर तो उडू नये म्हणून दगड ठेवलेले आहेत, त्या घराने आपल्या छपराबद्दलचा निकाल आधीच दिलेला आहे. त्या पत्र्यावर पॅनेल चढवू नये.

कौलारू घराबद्दल माझे मत आणखी कडक आहे. परदेशात कौलांखाली घालायचे स्टीलचे हुक मिळतात, आपल्याकडेही आता मिळू लागले आहेत, आणि सागाचे जाड वासे असलेल्या चांगल्या घरात ते चालतीलही. पण कोकणातले किंवा सातपुड्यातले सामान्य कौलारू छप्पर ही दरवर्षी हात लागणारी वस्तू आहे. मृगाआधी शाकारणी करायची, फुटकी कौले बदलायची, माकडांनी सरकवलेली नीट बसवायची, वाळवी लागलेली रीप काढायची, हे चक्र चालूच असते. त्यावर पॅनेल पक्के केले की त्याखालची कौले कायमची हाताबाहेर जातात, आणि गळती सुरू होते ती नेमकी तिथेच. शिवाय बसवणारा माणूस वर चढला की त्याच्या पायाखाली दहा कौले फुटतात. अशा घरासाठी छपराचा हट्ट सोडून परसात किंवा अंगणात जमिनीवर सांगाडा उभा करावा. ‘रूफटॉप’ हा शब्द जाहिरातींनी इतका रुळवला आहे की सोलार म्हणजे छपरावरच, असे आपण धरून चाललो. शहरात जमीन नसते म्हणून छप्पर वापरावे लागते. पाड्यावरच्या घराला ती सक्ती का?

जमिनीवरच्या सांगाड्याचे फायदे उघड आहेत. पुसायला शिडी लागत नाही, बोल्ट सैल झाला तर घरातले कोणीही आवळू शकते, छपराला धक्का लागत नाही. पण पायाचे काम नीट व्हायला हवे. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. तिच्यात वरवर पुरलेला खांब दोन वर्षांत कलतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खड्डा खणून त्यात काँक्रीट ओतावे. कोकणात नारळ-फणसाच्या सावलीचा प्रश्न येतो. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज मोठ्या प्रमाणात घटते, म्हणून जागा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तिन्ही वेळा पाहून ठरवावी. लांब तारेचा आक्षेप घेतला जातो आणि तो खराही आहे. बारा व्होल्टच्या संचासाठी एकूण 200 वॅटची दोन पॅनेल समांतर जोडून 30 मीटर लांबून चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने वीज आणली तर वाटेतच सहाव्या हिश्शाहून जास्त नासते. पण तीच दोन पॅनेल एकापुढे एक जोडून व्होल्टेज दुप्पट केले, आणि ते झेपणारा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर घेतला, की प्रवाह निम्मा होतो आणि नुकसान पाच टक्क्यांच्या आत येते. अडचण खरी असली तरी तोडगा माहितीतला आहे. चोरीची भीतीही रास्त आहे. तिच्यासाठी डोके घासून टाकलेले किंवा खास पान्यानेच उघडणारे बोल्ट मिळतात, आणि घरासमोरच्या अंगणातले पॅनेल शेताच्या टोकाच्या पॅनेलपेक्षा सुरक्षित असते.

पॅनेलचा कल किती ठेवावा यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे : जेवढा अक्षांश तेवढा कल, तोंड दक्षिणेला. मुंबईला 19 अंश, नागपूरला 21. वर्षभराची एकूण वीज मोजायची असेल तर हे बरोबर आहे, आणि जाळ्याला जोडलेल्या घराला एकूणच मोजायची असते, कारण उन्हाळ्यातली जादा वीज पावसाळ्यात वळती होते. बॅटरीवरच्या घराला ही सोय नाही. त्याची बॅटरी फार तर एक-दोन दिवसांची वीज साठवते. त्यामुळे त्याचा संच वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्याला पुरला पाहिजे, आणि महाराष्ट्रात तो महिना जुलै-ऑगस्टचा असतो. त्या दिवसांत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. जूनच्या दुपारी तर मुंबईत तो किंचित उत्तरेला झुकलेला असतो. ढगांमुळे प्रकाश एका दिशेने न येता सगळ्या आभाळातून झिरपतो. अशा वेळी 20 अंश कललेल्या पॅनेलपेक्षा 10 अंश कललेले पॅनेल थोडी जास्तच वीज देते. हिवाळ्यात त्याचा तोटा होतो, पण हिवाळ्यात आपल्याकडे आभाळ स्वच्छ असते आणि वीज पुरून उरते. आणि कल कमी केला की वाऱ्याचा जोरही उतरतो. वीज आणि सुरक्षितता दोन्ही एकाच बाजूला येतात असे प्रसंग विरळा, आणि तरीही विक्रेते उंच त्रिकोणी घोडे उभारून देतात, कारण पुस्तकात अक्षांशाचा कोन लिहिलेला आहे. दहा अंशांखाली मात्र जाऊ नये, धूळ पावसाने धुऊन जाण्याइतका उतार हवा. छपराच्या पाख्या पूर्व-पश्चिमेला असतील तर त्यावर दक्षिणेकडे तोंड करणारे तिरके सांगाडे उभारू नयेत. पॅनेल पाखीला समांतर ठेवून होणारी पाच-दहा टक्के घट सोसावी. पॅनेल आता पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्त झाली आहेत. एक पॅनेल जास्त लावणे वाऱ्याशी झुंजणाऱ्या सांगाड्यापेक्षा स्वस्त पडते.

धातूबद्दल थोडक्यात. रंग दिलेले साधे लोखंड समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत काही पावसाळ्यांतच पापुद्रे टाकू लागते. गरम जस्तात बुडवून काढलेले लोखंड, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, घ्यावे आणि ते कापून, भोके पाडून झाल्यावरच बुडवलेले असावे. जागेवर वेल्डिंग केले की त्या सांध्यावरचे जस्त जळून जाते आणि गंज बरोबर तिथूनच धरतो. म्हणून जोड बोल्टचे हवेत. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला साधा लोखंडी बोल्ट लावला की खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना खातात, म्हणून बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. बोल्ट ही संपूर्ण संचातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि तिथे पैसे वाचवणारा विक्रेता बाकी सगळीकडे काय करत असेल याची कल्पना येते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप खर्चाचा. पाड्यावरच्या माणसाला पॅनेल आणि बॅटरीच जड जाते, त्यात चौथरे आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंड कुठून आणायचे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण खर्च कमी करायचा तर संच लहान करून करावा, सांगाडा कच्चा करून नव्हे. दोन पॅनेल आज भक्कम बसवली तर पुढच्या वर्षी तिसरे जोडता येते. चार पॅनेल डळमळीत बसवली तर पुढच्या वर्षी चारही नव्याने घ्यावी लागण्याचा धोका असतो. पॅनेलच्या कार्यक्षमतेची हमी 25 वर्षांची असते. चुकीच्या फिटिंगमुळे उडून फुटलेल्या पॅनेलला ती लागू होत नाही.

दुसरे म्हणणे गच्चीचे. वाळवण कुठे घालायचे, पापड-कुरडया, धान्य कुठे पसरायचे? म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाडे लोकप्रिय झाले आहेत आणि त्यांच्या सावलीत बसायलाही छान वाटते. गरज खरी असेल तर उंच सांगाडा जरूर करावा, पण तो मग सांगाडा राहत नाही, बांधकाम होते. त्याला पायांमध्ये तिरक्या पट्ट्या हव्यात, पाय कॉलमवर यायला हवेत आणि हिशेब वेल्डिंगवाल्याने नव्हे, इंजिनिअरने केलेला हवा. ते परवडत नसेल तर पॅनेल खाली, गच्चीच्या दक्षिण बाजूला, पण कठड्याच्या सावलीपासून आणि छपराच्या कडेपासून आत ठेवावीत. कडेला आणि कोपऱ्यांवर वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते.

तिसरे म्हणणे अनुभवाचे : ‘आम्ही इतकी वर्षे असेच बसवतो, काही झाले नाही.’ पॅनेल बसवण्याचे काम गावोगाव पसरले ते गेल्या दहा-बारा वर्षांत, आणि ज्या वस्तूने 25 वर्षे टिकायचे तिची परीक्षा अजून अर्धीही झालेली नाही. शिवाय जे उडाले ते पाहायला विक्रेता परत गेला असेल याची खात्री नाही. त्याच्या अनुभवात ते नोंदलेच जात नाही. निसर्गनंतर वर्षभरातच, मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ त्याच किनाऱ्याला घासून गेले. वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळाची कशाला धास्ती, असे म्हणणाऱ्यांना कोकणाने दिलेले उत्तर हे आहे.

सरकारकडून अपेक्षा आहे ती मोठी नाही. बॅटरीवरच्या छोट्या संचासाठीही स्लॅब, पत्रा, कौल आणि जमीन अशा चार परिस्थितींचे नमुना आराखडे महाऊर्जाने मराठीत, चित्रांसह छापून ग्रामपंचायतींत लावावेत, आणि सौर तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात विजेच्या जोडणीइतकेच तास छपराच्या कामाला द्यावेत. तोवर घेणाऱ्यानेच सावध राहायला हवे. कोटेशनच्या त्या शेवटच्या ओळीत विक्रेत्याकडून पुढील गोष्टी लिहून घ्या : सांगाडा कोणत्या धातूचा आणि किती जाडीचा, जस्ताचा मुलामा कोणता, पाय कशाला बांधणार, बोल्ट कशाचे, ताशी किती किलोमीटर वाऱ्यासाठी हिशेब केला आहे, आणि छप्पर गळले तर दुरुस्ती कोण करणार. तो लिहून देत नसेल, तर दुसरा विक्रेता शोधा. पॅनेल महिनाभर उशिरा चढले तरी चालेल.